नगराचा आराखडा आणि नागरिकाची हरकत

(द्वितीय वर्ष, कला)

शहर आपोआप वाढते अशी आपली एक समजूत असते. कोणी माडी चढवतो, कोणी रस्त्याकडेला दुकान काढतो, कोठे नवी वसाहत उभी राहते आणि पाहता पाहता गावाचे नगर होते. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. नगरातल्या कोणत्या जमिनीवर घरे व्हावीत, कोठे कारखाने यावेत, कोणता रस्ता किती रुंद व्हावा, शाळेला, दवाखान्याला, बाजाराला आणि स्मशानाला जागा कोठे असावी, हे पुढील वीस वर्षांसाठी एका नकाशावर आधीच ठरवून ठेवलेले असते. त्या नकाशाला आणि त्याबरोबरच्या नियमांना मिळून 'विकास आराखडा' म्हणतात. ज्याच्या दारात कधीकाळी मोजणीवाले येऊन उभे राहतात, त्याला हा आराखडा एके दिवशी अचानक कळतो. एरवी तो कचेरीत असतो आणि आपण आपल्या घरात असतो.

हा आराखडा लोकांना विचारून करावा, असे आपला कायदा सांगतो. तो लोकांना कसा विचारतो, केव्हा विचारतो आणि कोणाला ते विचारणे ऐकू जाते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कायद्यातील वाट

महाराष्ट्रात नगररचनेसाठी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू आहे. त्याअन्वये महानगरपालिकेने अथवा नगरपरिषदेने आराखडा करण्याचा आपला इरादा प्रथम जाहीर करावा लागतो. त्यानंतर साऱ्या हद्दीची पाहणी करून आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा तयार होतो. याला 'विद्यमान जमीन वापर नकाशा' म्हणतात. त्याच्या आधारे प्रारूप आराखडा तयार होतो. त्यात पिवळा रंग म्हणजे वस्ती, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे बागा व मोकळ्या जागा, अशी रंगांची भाषा असते. सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागांना 'आरक्षण' म्हणतात व प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो.

प्रारूप तयार झाले की राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना देऊन ते लोकांच्या पाहणीसाठी ठेवले जाते आणि ठराविक दिवसांत 'हरकती व सूचना' मागविल्या जातात. आलेल्या अर्जांची सुनावणी एका नियोजन समितीपुढे होते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल आल्यावर आराखडा राज्य शासनाकडे जातो आणि शासनाने मंजूर केल्यावरच तो लागू होतो. वीस वर्षांतून एकदा तरी तो नव्याने करावा, असेही कायद्यात सांगितले आहे.

कागदावर ही वाट सरळ दिसते. प्रत्यक्षात ती किती लांबते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. १९८१ ते २००१ या काळासाठी केलेला मुंबईचा आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर होता होता १९९४ साल उजाडले. वीस वर्षांच्या आराखड्यातील निम्म्याहून अधिक वर्षे त्याच्या मंजुरीतच गेली!

मुंबईचा धडा

मुंबईचाच पुढचा आराखडा २०३४ सालापर्यंतचा. त्याचे पहिले प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांपुढे आले आणि शहरात मोठा गदारोळ झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले निघाले. जुन्या वारसा वास्तूंची नोंद नीट झालेली नव्हती. आरे वसाहतीची हिरवी जमीन बांधकामाला खुली करण्याच्या प्रस्तावावर निसर्गप्रेमी संतापले. वास्तुतज्ज्ञ, रहिवाशांच्या संस्था, वस्त्यांतून काम करणाऱ्या संघटना, राजकीय पक्ष सारेच उठले. अखेर एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. दुरुस्त प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर ८०,००० हून अधिक हरकती व सूचना आल्या, मे २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला.

या हकिकतीतून लोकांच्या आवाजाने आराखडा बदलतो, हे तर सिद्ध होतेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेक घोळाचे मूळ पाहणीत होते. मूळ नकाशावर जे चुकले तेच पुढे रंगवले गेले. कोळीवाडे, गावठाणे आणि आदिवासी पाडे यांच्या हद्दी नकाशावर नीट दाखविलेल्या नाहीत, ही तक्रार त्या काळात पुन्हा पुन्हा झाली. जी वस्ती आजच्या नकाशावर नाही तिला उद्याच्या नकाशावर जागा मिळणार कोठून?

पुण्याची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. शहराच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये ८०,००० हून अधिक हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, वाद वाढत गेले आणि २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन स्वतःच्या समितीकडे सोपविला. जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. वास्तविक १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा विषय पहिल्याच क्रमांकावर आहे. नगराने आपला विचार आपणच करावा, हा त्यामागील हेतू. पण शेवटचा शब्द आजही मंत्रालयाचाच असतो.

आमच्या आळीचा अनुभव

मोठ्या शहरांच्या गोष्टी वृत्तपत्रांत येतात. लहान नगरांच्या येत नाहीत, म्हणून आमच्या तालुक्याच्या गावचा एक अनुभव येथे सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या गावाचे प्रारूप प्रसिद्ध झाले. सूचना ज्या वृत्तपत्रात छापली ते आमच्या आळीत कोणी घेत नाही. मला ती कॉलेजच्या वाचनालयात दिसली, तेव्हा मुदतीचे बारा दिवस उरले होते. नकाशा कचेरीच्या जिन्यापाशी लावला होता. वडिलांना आणि शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन गेलो. माझे वडील गवंडी आहेत. घराचा नकाशा हातात दिला की ते आधी उत्तर कोठे ते पाहतात आणि मग भिंती पायांनी मोजल्यासारखे सांगतात. पण या नकाशापुढे तेही गप्प झाले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोरा, ह्यात आपलं घर कुठाय ते दाव."

घर कोठेच नव्हते. ओढ्याकडेच्या आमच्या नऊ घरांच्या जागी मोकळी जमीन दाखवून तिच्यावर भाजी मंडईचे आरक्षण टाकले होते. घरपट्टी आम्ही वर्षानुवर्षे भरतो, विजेची बिले आमच्या नावावर येतात. पण नगर भूमापनात आमची नोंद नसल्यामुळे पाहणी करणाऱ्याच्या लेखी आम्ही तेथे राहतच नव्हतो. यात कोणाचा दुष्टावा असेल असे मला वाटत नाही. कागदावरून कागद केला की माणसे गळतात, एवढेच.

त्या बारा दिवसांत आम्ही नऊ घरांचे नऊ अर्ज लिहिले. सुनावणीच्या दिवशी मी लिहून नेलेले वाचून दाखविले. पण समितीने मान वर करून ऐकले ते वडिलांचे. ते म्हणाले, "साहेब, मंडई नको असं आम्ही म्हणत नाही. मंडई पाहिजेच. पण भाजीच्या गाड्या येतात वरच्या रस्त्यानं. तिथं जुन्या जकात नाक्याची जागा ओस पडली आहे. ओढ्यात मंडई केली तर पावसाळ्यात चिखलात बसावं लागंल." हे त्यांनी लिहून घेतले. निर्णय अद्याप यावयाचा आहे. तो कसाही लागो, पण त्या टेबलापाशी वीस वर्षे गावात भिंती बांधणाऱ्या माणसाला गावाविषयी पहिल्यांदाच कोणी काही विचारले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

हरकतीची मर्यादा

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जेवढे अर्ज अधिक तेवढा लोकसहभाग मोठा, असे मानणे भोळेपणाचे होईल. हरकत घेतो कोण? ज्याची जमीन आरक्षणात जाते तो सर्वांआधी धावतो. त्याची बाजू खोटी असते असे नाही. दहा वर्षे आरक्षण पडून राहिले आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला सूचना देऊन, त्यानंतरच्या मुदतीत काही न झाल्यास, ती सोडवून घेण्याची तरतूद कायद्याच्या १२७ व्या कलमात आहे, ती याच कारणाने. परंतु क्रीडांगणाला मालक नसतो. ज्या पोरांनी तेथे खेळावयाचे त्यांतील काही अजून जन्मलेलीही नसतात. मग क्रीडांगणाच्या बाजूने अर्ज करणार कोण? एक आरक्षण उठले की एका घराचे भले होते आणि आळीचे नुकसान होते. पण नुकसान सर्वांत वाटले गेल्यामुळे कोणालाच बोचत नाही. म्हणून अर्जांची नुसती संख्या मोजून भागत नाही. कोणाचा अर्ज आलाच नाही, हेही पाहावे लागते.

या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाची आठवण उपयोगी पडते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये भारतात आले. अनेक नगरांचे त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक तेच झाले. गेडिस यांचा आग्रह असा, की रोग्याची तपासणी केल्यावाचून वैद्य औषध देत नाही, तसे नगराची पाहणी केल्यावाचून आराखडा करू नये. ती पाहणीही गल्लीबोळांतून पायी हिंडून करावयाची. दाट वस्ती सरसकट पाडण्याऐवजी एखादी पडकी भिंत, एखादे ओसाड घर काढून हवा व उजेड आत घ्यावा, असे ते सांगत. इंदूरला प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीची एक मिरवणूक काढविली आणि ज्या रस्त्यांवरील घरे उत्तम साफ होतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपली घरे आपणच झाडून काढली. आधी नागरिकांना बरोबर घ्यावे आणि मग नकाशा काढावा, हा क्रम त्यांनी दाखवून दिला. आपण तो उलटा केला आहे. आधी नकाशा काढतो आणि शेवटी काही दिवस नागरिकाला बोलावतो.

आपण काय करू शकतो

विद्यार्थी मित्रहो, हा क्रम बदलणे एका दिवसाचे काम नाही. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट, हरकतीचा अर्ज नीट लिहिणे. त्यात आपले नाव व पत्ता, जागेचा नगर भूमापन क्रमांक, नकाशातील आरक्षणाचा क्रमांक, आपली हरकत आणि तिचे कारण हे सारे मोजक्या शब्दांत असावे. घरपट्टीची पावती, वीजबिल, असतील ते पुरावे जोडावेत. 'हे नको' म्हणताना 'त्याऐवजी हे येथे करावे' असे सुचवावे. हरकत आणि सूचना हे दोन शब्द कायद्याने एकत्र ठेवले आहेत ते उगाच नाहीत. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि सुनावणीला स्वतः जावे.

दुसरी गोष्ट, पाहणीच्या वेळीच जागे राहणे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबरच भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी एका प्रभागाचा नकाशा पायी फिरून तयार केला तर? कोणत्या आळीत किती घरे, नळ कोठे, मुले खेळतात ती जागा कोणती, आठवड्याचा बाजार कोठे भरतो, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, हे त्यात यावे. असा नकाशा नगरपरिषदेला पाहणीच्या काळातच दिला तर पुढच्या कित्येक हरकती घेण्याची वेळच येणार नाही. आमच्या प्राध्यापकांनी हा विषय मनावर घ्यावा, अशी त्यांना नम्र विनंती आहे.

तिसरी गोष्ट, क्रीडांगणासाठी, वाचनालयासाठी, ओढ्याच्या काठासाठी अर्ज करणे. ज्याला मालक नाही त्याचा वकील विद्यार्थ्याने व्हावे. त्यात त्याचा स्वार्थ नसतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते.

आमच्यासारख्या कित्येक घरांतून कॉलेजची पायरी चढणारे आम्ही पहिलेच आहोत. शिकून नोकरी मिळावी ही घरच्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण सरकारी सूचनेतील बारीक अक्षरे आळीला वाचून दाखविणे, हेही शिक्षणाचे एक काम आहे. नगराचा आराखडा वीस वर्षांसाठी असतो. आज जे एकोणीस वर्षांचे आहेत ते तो संपेल तेव्हा चाळिशीच्या घरात असतील आणि त्यांची मुले त्याच नगरात खेळायला जागा शोधतील. तेव्हा यापुढे 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी ओळ कोठे दिसली, तर ती आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे आणि मुदतीची तारीख तेवढी लिहून ठेवावी.