नाद आणि भिंती

एका संगीतगृहांत स्वर भरून राहतो, दुसऱ्यांत तोच कोरडा भासतो, असें कां?

व्हिएन्ना येथील म्युझिकफेराइनचें १८७० सालचें सभागृह आगपेटीप्रमाणें लांबट व अरुंद आहे. रुंदी सुमारें १९ मीटर. मूळ स्वरापाठोपाठ बाजूच्या भिंतींवरून परतलेला नाद कानीं येतो आणि श्रोता त्यांत न्हाऊन निघतो. यामागचें गणित तेव्हां ठाऊक नव्हतें. नाद किती वेळ रेंगाळेल हें सांगणारें सूत्र पुढें वॉलेस सॅबिन यांनीं बसविलें व त्याच्याच आधारें १९०० सालीं बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला.

मग शास्त्र हातीं असतां चूक कां व्हावी? न्यूयॉर्कच्या १९६२ सालच्या फिलहार्मोनिक हॉलांत आसनें वाढविण्यासाठीं मूळचा अरुंद आराखडा बदलला. खर्ज क्षीण झाला. १९७६ सालीं अंतर्भाग पाडून नवा केला. २०२२ सालीं पुन्हां नवा केला, तेव्हां पांचशेंहून अधिक आसनें कमी करावीं लागलीं.

नवें तें सारें वाईट, असें मात्र नव्हे. बर्लिनच्या १९६३ सालच्या फिलहार्मोनींत हान्स शारून यांनीं वादकांभोंवतीं द्राक्षमळ्यासारखीं टप्प्याटप्प्यांनीं आसनें मांडलीं. त्या टप्प्यांच्या लहान भिंतीच तेथें नाद जवळून परतवितात.

तात्पर्य, संगीतगृह बांधतांना प्रथम कानास विचारावें. तिकिटांचा हिशेब मागाहून.