दोन दशांशांची मोकळीक

मिग वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडाशी, नोझलच्या आत, तांब्याची एक बारीक नळी आट्यांवर बसवलेली असते. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, किंमत यंत्राच्या मानाने नगण्य. हीच कॉन्टॅक्ट टिप. तिच्या अंगावर एक आकडा कोरलेला असतो: 0.8, 1.0, 1.2, 1.6. आता 1.2 ची टिप घ्या आणि तिचं छिद्र काटेकोर मोजा. ते 1.2 मिलिमीटर भरत नाही. साधारण 1.4 च्या आसपास येतं, बनवणाऱ्यागणिक थोडं इकडेतिकडे. कोरलेला आकडा छिद्राचा नाहीच; त्यातून जाणाऱ्या वायरचा आहे. मधली ही दोन दशांश मिलिमीटरची मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यात काय काय घडतं हे कळलं, की या तांब्याच्या तुकड्याकडे बघण्याची नजरच बदलते.

एक नेहमीचं काम घेऊ. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही शेडमध्ये चालतं तसं साध्या पोलादाचं वेल्डिंग: 1.2 ची वायर, कार्बन डायऑक्साइड वायू, 250 अँपिअर. फीडर मिनिटाला साधारण आठ मीटर वायर पुढे ढकलतो, म्हणजे सेकंदाला 13 सेंटिमीटरहून जास्त. या वायरच्या छेदाचं क्षेत्रफळ अवघं 1.13 चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरवर 220 अँपिअर पडले! घरातल्या भिंतीत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते, तिच्यावर आपण 15-16 अँपिअरच्या पुढे जात नाही. इथे त्याच्या वीसपट भार आहे, आणि तोही पोलादावर, ज्याचा विजेला होणारा रोध तांब्याच्या कितीतरी पट जास्त.

मग ही वायर वाटेतच वितळून का जात नाही? कारण तिच्यातून प्रवाह वाहतो तो फक्त शेवटच्या टप्प्यात. रिळापासून लायनरमधून टॉर्चपर्यंतची तीन-चार मीटरची वाट ती गारच पार करते. प्रवाह तिच्यात शिरतो तो टिपमध्ये. तिथून पुढे आर्कपर्यंत उघडी राहते जेमतेम 15 मिलिमीटर. या वेगाने ते अंतर कापायला वायरला एक नवमांश सेकंद लागतो. तेवढ्यात ती काही शे अंशांनी तापते, आणि पुढे आर्क तिचा थेंब करून टाकतो. वायरच्या प्रत्येक कणाच्या वाट्याला विजेचा एवढाच सहवास येतो.

खरी करामत आहे ती प्रवाह वायरमध्ये शिरण्याची. वायर पळते आहे, टिप स्थिर आहे, आणि दोघींमधून 250 अँपिअर अखंड जायला हवेत. दोन धातू एकमेकांना टेकले तरी ते सगळ्या पृष्ठभागावर टेकत नाहीत. रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विद्युत संपर्कांचा आयुष्यभर अभ्यास केला. डोळ्यांना दिसणाऱ्या स्पर्शापैकी फार थोड्या, सूक्ष्म ठिपक्यांतूनच वीज पार होते, हे त्याच्या कामातून नीट समजलं. टिपमध्ये हे ठिपके क्षणोक्षणी तुटतात आणि नवे जुळतात.

आता मोकळीक ठेवूनही वायर टिपला टेकते कशी? याचं उत्तर रिळात आहे. वायर गुंडाळलेली असल्याने तिच्यात एक बाक मुरलेला असतो. थोडी वायर कापून जमिनीवर टाकली, की ती आपोआप मोठ्या वर्तुळासारखी वळते. हाच बाक तिला छिद्राच्या भिंतीवर हलका दाबून धरतो. अगदी सरळसोट वायर टिपच्या मधोमध तरंगली असती, तर संपर्काची काहीच शाश्वती उरली नसती.

म्हणूनच माप जुळणं महत्त्वाचं. 1.2 ची वायर 1.0 च्या टिपमध्ये जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. उलटी चूक मात्र दिसत नाही. 1.0 ची वायर 1.2 च्या टिपमध्ये सहज सरकते, आर्कही पेटतो. पण आता वायर टिपच्या तोंडाशी टेकेल की आठ-दहा मिलिमीटर आत, याचा नेम नसतो. ती आत टेकली, की प्रवाह वाहणारी लांबी अचानक वाढते. मिगचं यंत्र व्होल्टेज जवळपास कायम ठेवतं. त्यामुळे रोध वाढला की करंट खाली येतो. आर्क अडखळतो, स्पॅटर वाढतो, वितळ खोलवर जात नाही. कारागीर अर्थ क्लॅम्प तपासतो, वायूचा फ्लो बघतो, नॉब वर करतो. दोष मात्र नोझलच्या आत लपलेला असतो.

बरोबर मापाची टिपसुद्धा हळूहळू या अवस्थेला येते. लोकलच्या छपरावरचा पेंटोग्राफही असाच सरकता संपर्क सांभाळतो. तिथे वरची तार रुळांच्या मध्यरेषेच्या कधी डावीकडे तर कधी उजवीकडे अशी नागमोडी ताणतात, म्हणजे कार्बनची पट्टी एकाच जागी घासून खाच पडत नाही. टिपच्या नशिबी ही सोय नाही. वायरचा बाक तिला पुन्हा पुन्हा एकाच बाजूला दाबतो, आणि गोल छिद्र त्या बाजूने लांबट होत जातं. वर आर्कची धग. साधं तांबं अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. म्हणून जड कामाच्या टिपांत तांब्यात थोडं क्रोमियम आणि झिर्कोनियम मिसळतात, ते पाचशेच्या आसपासपर्यंत टणक राहतं.

मोकळीक फार कमी झाली तर धोका वेगळा. लायनरमधली धूळ, वायरवरच्या तांब्याच्या मुलाम्याचे कण किंवा तोंडाशी चिकटलेला स्पॅटर यांनी वायर क्षणभर अडते. आर्क मात्र थांबत नाही, तो वायर खात मागे येतो. फार तर काही दशांश सेकंदांत तो टिपपर्यंत पोहोचतो आणि वायर तांब्यालाच चिकटून बसते. ॲल्युमिनियमला हा त्रास जास्त. ती वायर मऊ, तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावणारी, वर ऑक्साइडचा कडक थर. जरा अडली की मागे फीडरमध्ये गुंता. म्हणून तिच्यासाठी किंचित मोठ्या छिद्राच्या वेगळ्या टिपा मिळतात.

गंमत म्हणजे मिग वेल्डिंगची ही पद्धत सुरू झाली ती ॲल्युमिनियमपासूनच. 1948 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या बॅटेल संस्थेत एअर रिडक्शन कंपनीसाठी ती विकसित झाली. तिला लागणारे वायू पोलादाच्या कामाला महाग पडत. 1953 मध्ये सोव्हिएत संघात ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि पोलादाचं काम स्वस्त झालं. आपल्याकडच्या शेडमध्ये आजही या कामाला ‘सीओटू’ म्हणतात.

कुशल कारागिराचा हात आर्कच्या आवाजावरून टिपची झीज ओळखतो आणि नकळत टॉर्च सावरून घेतो. रोबोला ते जमत नाही. झिजलेल्या टिपमधून वायर अर्धा-एक मिलिमीटर बाजूला निघाली, तरी तो जुन्या जागेवर विश्वास ठेवून सांध्याशेजारी वेल्ड घालत जातो. त्यामुळे रोबोच्या लाइनवर टिप बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने बदलून टाकतात. यंत्र लाखो रुपयांचं असलं, तरी त्याचा नेम अखेर या दोन दशांशांवरच टिकतो.