आवाज राहिला, आवाज गेला

रमजानच्या आधी घर झाडायला काढलं की एखादी जुनी पेटी हमखास उघडते. नगरच्या आमच्या घरी उघडलेल्या पेटीत दोन वस्तू निघाल्या. एक, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची काळी तबकडी. दुसरी, दादीच्या आवाजाची कॅसेट. फुफूच्या लग्नात, हळदीच्या रात्री दादीने ढोलकीवर म्हटलेली गाणी चाचांनी टेप करून ठेवली होती. तबकडी शाबूत होती. कॅसेटच्या फितीला मात्र बुरशी लागली होती.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद आम्हाला इथे काढायचा नाही. आम्हाला सांगायचं आहे ते आवाज जपण्याबद्दल.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळी आजच्यासारखा स्टुडिओ नव्हता. हॉटेलातली खोली भाड्याने घ्यायची, तिथे यंत्र मांडायचं, की झाला स्टुडिओ. मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपवायचं. शेवटी गायकाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसांना गाणारा कोण हे कळायला हवं होतं. १९०८ पासून त्या कोलकात्यातच छापल्या जाऊ लागल्या.

तासभर राग उलगडणाऱ्या उस्तादांना तीन मिनिटं म्हणजे थट्टाच वाटली असणार. आपल्या महाराष्ट्रातल्या दोन थोर उस्तादांच्या वाटा इथेच वेगळ्या झाल्या.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे, पण मिरजेचेच होऊन गेले. १९०५ च्या सुमारास ते पहिल्यांदा कर्ण्यापुढे गायले. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि हळुवार गळाही तबकडीवर उतरू लागला. उतारवयात, १९३० नंतरच्या वर्षांत, त्यांनी पुन्हा तबकड्या दिल्या. त्यांची झिंझोटीतली ठुमरी अशाच एका तबकडीवर ऐकून कर्नाटकातला एक लहान मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला. तोच मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. खाँसाहेबांचा इंतकाल १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना झाला. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आवाज मात्र घराघरांत राहिला.

दुसरे उस्ताद अल्लादिया खाँ. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. त्यांनी एकही तबकडी दिली नाही. १९४६ मध्ये मुंबईत त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही गेला. आज तो ऐकायचा तर शागिर्दांच्या गळ्यातून. त्यांच्या शागिर्द केसरबाई केरकर यांचं गाणं १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं. शागिर्दीचा आवाज आंतरतारकीय अवकाशात पोचला, उस्तादांचा मात्र कोल्हापुरातही ऐकायला मिळत नाही.

पुढे मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत एक मराठी माणूस आला. गो. ना. जोशी. शिक्षणाने वकील, स्वतः भावगीत गायक. १९३८ मध्ये ते कंपनीत रुजू झाले. उस्तादांची मनधरणी करायची, नाराजी सोसायची आणि तरीही त्यांना मायक्रोफोनपुढे बसवायचं, हेच त्यांचं काम. १९६० मध्ये उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची मोठी तबकडी निघाली. आता एका बाजूला वीस मिनिटं गाता येत होतं. तीन मिनिटांची सक्ती संपली होती.

आमच्या कॅसेटचं काय झालं? एका जाणकार कारागिराने फीत हलक्या हाताने पुसली, नव्या खोक्यात बसवली आणि आवाज मोबाइलमध्ये उतरवून दिला. निम्मी गाणी गेली. उरलेल्यात दादी मध्येच थांबून कुणाला तरी म्हणते, "अरे, चाय उतू गई देख!" घरात सगळे हसले, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

तुमच्याही घरी अशी एखादी कॅसेट असेल. ती थेट टेपमध्ये घालू नका. बुरशी लागली असेल तर फीत तुटते आणि टेपही खराब होतो. उन्हात वाळवू नका. जाणकाराकडून मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि कोणाचा आवाज, कुठला प्रसंग, कुठलं साल हे लिहून ठेवा. आणि ज्यांच्या दादी-नानी अजून आहेत, त्यांना कॅसेट लागतच नाही. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइल सुरू करा.