‘बर्जन’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व त्याचे मराठी पर्याय

इंग्रजी वृत्तपत्रांत व अहवालांत आढळणाऱ्या ‘बर्जन’ या क्रियापदाचे भाषांतर बहुधा ‘फोफावणे’ या एका शब्दाने उरकले जाते. हा पर्याय चुकीचा नव्हे. परंतु तो सर्वत्र निर्दोष आहे, असेही म्हणता येत नाही.

‘बर्जन’चे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील कळी किंवा अंकुर या अर्थाच्या नामात आहे. ते नाम ‘बुर्रा’ या उत्तरकालीन लॅटिन शब्दावरून आले असावे, असा व्युत्पत्तिकारांचा तर्क आहे. ‘बुर्रा’ म्हणजे लोकरीचा पुंजका. कित्येक कळ्यांवर लव असते, हे त्या तर्काचे कारण. क्रियापदाचा मूळ अर्थ धुमारे फुटणे एवढाच होता. ‘झपाट्याने वाढणे’ हा लाक्षणिक अर्थ पुढे रूढ झाला, तेव्हा शुद्धतावाद्यांनी त्यावर आक्षेप घेतला. परंतु तो टिकला नाही. आज तर ‘बर्जनिंग’ हे विशेषणरूपच अधिक प्रचारात आहे. लोकसंख्या, व्यापार, प्रतिभा या सर्वांस ते सारखेच लागते, आणि वाढ इष्ट की अनिष्ट याविषयी स्वतः काही सांगत नाही.

मराठीची प्रकृती येथे निराळी आहे. हदगावच्या परिसरातील काळ्या जमिनीत कापूस पेरणाऱ्यास वाढ म्हणजे एकच क्रिया वाटत नाही. कपाशीला पाते लागते, फूल येते, मग बोंड धरते. खतपाणी अधिक झाले की झाड उंच व दाट होते, पण पाते गळून बोंडे थोडी राहतात. अशी कपाशी ‘माजली’ म्हणावयाची, ‘बहरली’ नव्हे. ज्वारी पोटरीस येते, निसवते, हुरड्यावर येते. आंबा मोहरतो. यांपैकी प्रत्येक शब्दात वाढीची अवस्था तरी असते, किंवा तिच्याविषयीचे मत तरी. (‘थ्राइव्ह’ या सजातीय अर्थाच्या क्रियापदाबाबतही हेच. गुटगुटीत होऊ लागलेले मूल ‘बाळसे धरते’ आणि त्यास दूध ‘मानवते’; तेथे ‘भरभराट’ हा शब्द हास्यास्पद होईल.)

‘फोफावणे’ हे क्रियापद या दोन टोकांच्या मधले आहे. वेल फोफावला, तर कौतुक. परंतु तण फोफावते, लाचलुचपतही फोफावते. विशेषतः मानवी समूहास ते लावले की अनिर्बंध वाढीची तक्रार त्यात सहज शिरते. म्हणून ‘बर्जनिंग’ प्रतिभेस ‘उमलती’ आणि तशा व्यापारास ‘वाढता’ म्हणणे युक्त होय. एखाद्या अहवालातील शहराच्या कडेची नवी वस्ती मराठीत ‘फोफावणारी’ झाली, तर मूळ लेखकाने न केलेला आरोप भाषांतरकार तेथील रहिवाशांवर करीत असतो. ‘झपाट्याने वाढणारी वस्ती’ ही शब्दयोजना रूक्ष खरी, पण त्या ठिकाणी तीच मूळ वाक्याशी प्रामाणिक राहते.