कळ पोटात, ठणका कमरेत

कर्नाटकातल्या कमलनगरच्या सीमाभागात पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. ‘कंबर धरली’ म्हणाली, की जाणत्या बाया उठतात: कळा सुरू झाल्या!

कमरेचा संबंध काय? गर्भाशय आवळतं, त्याचं तोंड ताणलं जातं. तो निरोप मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतो, तिथेच कमरेच्या त्वचेचेही तंतू येतात. मेंदूची गफलत होते.

कॅनडातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली शब्दांवरून वेदना मोजणारी प्रश्नावली मांडली. तिने बाळंतकळा मोजल्या तेव्हा पहिलटकरणींचे आकडे आधी बाळंत झालेल्या बायकांपेक्षा सरासरीने जास्त निघाले. बारीक कळा, जोराच्या कळा असं माप इथल्या बायकांकडे होतंच म्हणा.

प्रसूतीवेळी बाईच्या पसंतीचं माणूस सोबत हवं, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. माहेरी ते काम बहुधा आईचं, कंबर चोळत.