दार तिसऱ्यांदा आपटते तेव्हा

भूतपटांच्या आमच्यासारख्या जुन्या शौकिनाने, दिवे मालवून, झपाटलेल्या घरात म्हणे सापडलेल्या चित्रफितींचा एक नवा चित्रपट परवा मोठ्या उमेदीने पाहावयास बसावे आणि दार तिसऱ्यांदा आपटताच जांभई द्यावी, यात कसूर केवळ दिग्दर्शकाची नव्हे, थोडी मज्जासंस्थेचीही आहे. अकस्मात मोठा आवाज झाला की, विचारशक्तीची मंजुरी येण्यापूर्वीच, सेकंदाच्या जेमतेम विसाव्या हिश्शात पापणी मिटू लागते. परंतु तोच आवाज पुनःपुन्हा आला व त्यातून इजा काहीच झाली नाही, तर ही प्रतिक्षिप्त क्रिया सरावाने क्षीण होत जाते.

२००७ सालच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ या भूतपटात दिग्दर्शक ओरेन पेली यांनी, सॅन दिएगोतील स्वतःच्याच घरात आणि सुमारे १५,००० डॉलरांत, हे मर्म नेमके हेरले होते: कॅमेरा निश्चल, जोडपे निद्रिस्त, कोपऱ्यातील वेळेचे आकडे भराभर धावतात आणि एकाएकी मंदावतात; एवढ्यानेच नजर उघड्या दारापलीकडच्या काळोखात खिळून राहते, कारण संकट केव्हा येणार हे अनिश्चित असेतोवर शरीर आपला पहारा उठवीत नाही. आम्ही परवा पाहिलेल्या चित्रपटातला कॅमेरा मात्र प्रत्येक आघातापूर्वी, इमानेइतबारे थरथरून, आगाऊ वर्दी देत होता.