बरं वाटतंय, मग पंप कशाला?

आज आपण दम्याबद्दल बोलणार आहोत. हा विषय निघाला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आता बरं वाटतंय, मग रोज पंप कशाला ओढायचा?" प्रश्न साधा आहे, पण बऱ्याच जणींचा दमा हाताबाहेर जातो तो इथंच. म्हणून आज आधी याच प्रश्नाचं उत्तर शोधू या.

दमा हा श्वासनळ्यांचा आजार आहे. या नळ्यांना आतून सूज असते. चुलीची फुंकणी डोळ्यांपुढे आणा. तिच्या आत ओल्या फडक्याचा थर बसला तर हवा नीट जाईल का? तसंच इथं होतं. त्यात धूर, धूळ, सर्दी, थंड हवा असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट आणखी अरुंद होते. मग धाप लागते, छातीत शिट्टी वाजते, खोकल्याची उबळ येते. रात्री आणि पहाटे हा त्रास जास्त होतो. अटॅक ओसरला की आपण म्हणतो, दमा गेला. पण गेलेला असतो तो अटॅक. आतली सूज बहुतेक वेळा तशीच असते.

म्हणून दम्याची औषधं दोन प्रकारची असतात. पहिलं आराम देणारं, म्हणजे साल्ब्युटामॉल. हा पंप बहुधा निळा असतो. तो आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत बरं वाटतं, आणि चार-पाच तासांत त्याचा असर संपतो. सुजेवर तो काही करत नाही. दुसरं औषध सूज उतरवणारं, जसं बुडेसोनाइड. त्याचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. ते घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून आपण तेच आधी बंद करतो. खरं तर आपल्याला बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच! हल्ली दोन्ही औषधं एकत्र असलेला पंपही मिळतो. म्हणून रंगावर जाऊ नका. आपला पंप कोणता, कधी घ्यायचा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या.

"पंपाची सवय लागते" असं बायका म्हणतात. सवय लागत नाही. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना सवय लागली असं आपण म्हणतो का? दुसरी भीती स्टिरॉइडची. सूज उतरवणारं औषध स्टिरॉइडच असतं, पण पंपातून ते थेट नळ्यांत जातं, त्यामुळे थोडंसं पुरतं. एका दाबातून साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध मिळतं. अटॅकच्या वेळी देतात ती स्टिरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पंप टाळला आणि वरचेवर अटॅक आले, तर पोटात जास्त स्टिरॉइड जातं ते असं.

तिसरी भीती लोकांची. लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात लपवला जातो, आणि सासरी गेल्यावर तिचं औषध तुटतं. दिवस गेले की "बाळाला बाधेल" म्हणून घरचेच पंप बंद करायला लावतात. पण आईलाच श्वास पुरला नाही, तर बाळाला प्राणवायू कुठून मिळणार? गरोदरपणात डॉक्टरांना जरूर सांगा, पण मनानं औषध थांबवू नका.

पंप ओढण्याचीही एक रीत आहे. दाबाचा पंप आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग पंप दाबत सावकाश, खोल श्वास घ्या आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. त्याला स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी, जोडली तर औषध घशात न बसता खाली उतरतं. कॅप्सूल घालायच्या यंत्राची तऱ्हा उलटी: त्यात श्वास जोरात ओढायचा. ती कॅप्सूल गिळायची नसते बरं! सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं.

घरातही पाहू या. चुलीचा धूर, मिरचीचं कांडप, मळणीचा भुसा, डासांची कॉइल, उदबत्ती, विडी-सिगारेट, गाद्या-गोधड्यांतली धूळ, पावसाळ्यातली ओल. प्रत्येकीला यातलं सगळंच बाधतं असं नाही. आपल्याला काय बाधतं ते ओळखून तेवढं टाळा. झाडताना नाकाला ओलं फडकं बांधा. मृगाला हैदराबादला मासोळीचं औषध घ्यायला जाणारेही आहेत. कुठंही गेलात तरी पंप बंद करू नका.

आता मनाशी चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? रात्री दम्यामुळे जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर दमा पुरता आटोक्यात नाही. डॉक्टरांकडे जा आणि जाताना पंप सोबत न्या.

अटॅक आला तर आडवं पडू नका. ताठ बसा, कपडे सैल करा. आराम देणाऱ्या पंपाचा एक दाब स्पेसरमध्ये मारून चार श्वास घ्या. असे चार दाब घ्या आणि चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार घ्या आणि १०८ ला फोन करा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ग्लानी येत असेल, तर मिनिटभरही वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. धाप तशीच आहे पण शिट्टी मात्र थांबली, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवा जाणंच कमी झालंय असं समजा.

मैत्रिणींनो, दमा मुळापासून जाईलच असं कुणी सांगू शकत नाही. पण तो आटोक्यात ठेवून शेतात राबता येतं, जिने चढता येतात, रात्री गाढ झोपता येतं. तेव्हा बरं वाटतंय त्या दिवशीही पंप घ्या. कमी करायचा की थांबवायचा, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि घरात कुणी पंप लपवत असेल, तर तो कपाटातून काढून सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.